अजगरासकट घर

आमच्या घराचा विमा एका प्लेट पोह्यांमुळे रद्द व्हायची वेळ आली. पोहे मी केले होते, त्यामुळे सगळा दोष राजेशवर ढकलायची सोय नाही. तरी मी ढकलते.

राजेश म्हणजे माझा नवरा. पुण्याचा. कागदपत्रांवर त्याचं जेवढं प्रेम आहे त्याच्या निम्मं जरी माझ्यावर असतं तरी मी रोज गजरा माळून फिरले असते. मी नीलांबरी, नागपूरची, आणि माझं तोंड फटकळ आहे हे मला लग्नाआधीपासून ठाऊक आहे. न्यू जर्सीत, पार्सिपनीला, आम्हाला सोळा वर्षं झाली. ग्रीन कार्ड आज येईल, उद्या येईल, अशी वाट बघत आम्ही तीन अपार्टमेंट बदलली आणि आमची एकुलती एक मुलगी इला त्या तीन अपार्टमेंटमध्ये वाढली. धावू नको, खालचे तक्रार करतात. भिंतीला खिळा ठोकू नको, डिपॉझिट कापतील. कुत्रा नको, लीजमध्ये बसत नाही. प्रत्येक 'नको'च्या मागे आम्ही एक वाक्य जोडायचो: आपलं घर झालं की.

आपलं घर झालं की झोपाळा टांगू. आपलं घर झालं की तुला हवा तो प्राणी आणू. आईबाप असली वाक्यं पोराला गप्प करायला बोलतात आणि विसरून जातात. पोरं विसरत नाहीत. ती मोठी होईपर्यंत तोंडातून चकार शब्द काढत नाहीत आणि मग एक दिवस वसुलीला येतात.

गेल्या एप्रिलमध्ये घर झालं. तीन बेडरूम, खाली बेसमेंट, मागे दोन मेपल. मे महिन्यात इला पंधरा वर्षांची झाली. केक कापला, मेणबत्त्या विझवल्या आणि सुरी हातात तशीच धरून ती म्हणाली, "सो, यू गाइज प्रॉमिस्ड. एनी पेट."

"हो, हो," राजेश म्हणाला. त्याने मनातल्या मनात एक लॅब्रेडॉर नक्की केला होता. त्याच्या लसीकरणाची फाइलसुद्धा तयार केली होती, लेबल लावून.

"आय वॉन्ट अ बॉल पायथन."

मला वाटलं काहीतरी बॉलचा प्रकार असेल, खेळायचा. राजेशला कळलं, कारण तो कॉम्प्युटरवाला. त्याला आधी पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा वाटली आणि तो भलताच खूश झाला. मग इलाने फोनवर फोटो दाखवला. चार फुटी अजगर. चॉकलेटी अंगावर पिवळे ठिपके, तोंड मिटून बसलेला, माझ्या थोरल्या नणंदेसारखा.

मी नाही म्हटलं. तीन दिवस मी नाही म्हणत होते. इला रडली नाही, दारं आपटली नाहीत. चौथ्या दिवशी एवढंच म्हणाली, "ओके. बट देन डोन्ट से इट्स अवर हाउस." मी हात टेकले.

साप सोडवून आणणाऱ्या एका संस्थेतून ती तीन वर्षांची मादी घरी आली. इलाने तिचं नाव चकली ठेवलं, कारण ती सतत वेटोळं घालून बसायची. त्या दिवसापासून माझ्या घशाखाली चकली उतरत नाही. राजेशने राज्याकडून साप पाळायचा परवाना काढला, लॅमिनेट केला आणि बेसमेंटमध्ये चकलीच्या काचेच्या टँकशेजारी लावला. आमच्या लग्नाचं सर्टिफिकेट अजून बँकेच्या एका जुन्या पाकिटात आहे. सासूबाईंना पुण्याला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर त्यांनी पदर सावरून नमस्कार केला. "प्रत्यक्ष नागोबा घरात आला गं, नशीब काढलंत," त्या म्हणाल्या. "तिला दूध देत जा."

"आजी, शी इज लॅक्टोज इंटॉलरंट," इला म्हणाली. सासूबाईंनी तेही भक्तिभावाने ऐकून घेतलं.

आता विम्याचं. घर घेताना विमा लागतोच, त्याशिवाय बँक कर्ज देत नाही. आमचा विमा परीक्षितने काढून दिला होता. परीक्षित हा जवळच्या एडिसन गावातला एक तरतरीत मुलगा. इकडच्या अर्ध्या मराठी घरांचे विमे त्याच्याकडे आहेत आणि उरलेल्या अर्ध्यांचे नंबर. अर्जावर प्रश्न होता, घरात प्राणी आहेत का? आम्ही 'नाही' लिहिलं. तेव्हा ते खरंच होतं. मे महिन्यात खरं उरलं नाही, पण मे महिन्यात आम्हाला कोणी विचारलं नाही, आणि आपणहून सांगायला आम्ही काही मूर्ख नव्हतो. असं मला जूनपर्यंत वाटत होतं.

नवीन विमा घेतला की पहिल्या साठ दिवसांत कंपनी एक माणूस पाठवते. तो बाहेरून चार फोटो काढतो, छपराकडे बघतो, पायऱ्यांना कठडा आहे ना ते बघतो आणि जातो. ईमेलमध्ये स्पष्ट लिहिलं होतं की घरी कोणी असण्याची गरज नाही. राजेशने ते वाक्य दोनदा वाचलं आणि अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली.

मंगळवारी दुपारी तीनच्या सुमारास तो माणूस आला. नाव डग. साठीचा, गुडघ्याने जरा अधू, हातात टॅब्लेट. दहा मिनिटांत त्याचे फोटो काढून झाले. तो गाडीकडे निघाला होता. गाडीचं दार त्याने उघडलंसुद्धा होतं. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण त्या क्षणी सगळं ठीक होतं.

"असं कसं?" राजेश ड्राइव्हवेवर उभा राहून त्याला इंग्रजीत म्हणाला. "आमच्या दारातून कोणी चहा न घेता जात नाही."

डग म्हणाला, मला फक्त बाहेरचं बघायचं असतं. राजेश म्हणाला, ते तुमचं काम झालं, आता पाहुणे म्हणून या. आणि मी काय केलं? मी खिडकीतून ओरडले, "पोहे टाकतेय, पाच मिनिटं!" तो बिचारा उन्हात उभा होता. आपल्याला कुठे राहवतं?

डगने पोहे खाल्ले. दुसऱ्यांदा मागून घेतले. शेंगदाणे वेचून आधी खाल्ले, लहान मुलासारखे. तिथेच त्याला वाटेला लावायला हवं होतं. पण नवीन घर घेतलं की आलेल्या माणसाला ते दाखवायचं असतं, ही आपली रीत. नुसता हॉल दाखवून भागत नाही. कपाटं उघडायची, बाथरूमचा नळ सोडून दाखवायचा, किचनचे ड्रॉवर कसे आपोआप बंद होतात ते दाखवायचं. पाहुण्याने 'क्लोजेट मोठं आहे हं' म्हणायचं. एप्रिलपासून ही फेरी आम्ही पंचवीसेक कुटुंबांना घडवली होती. राजेशचं सगळं पाठ झालं होतं, कुठे थांबायचं, कुठे वॉटर हीटरचं वय सांगायचं, सगळं. त्या फेरीत बेसमेंट शेवटी येतं आणि बेसमेंटच्या शेवटी येते चकली.

मी किचनमध्ये डगसाठी बेसनाचे लाडू डब्यात भरत होते. वरून राजेशचा आवाज येत होता. मास्टर बेडरूम झाली, गेस्ट रूम झाली. डग 'व्हेरी नाइस, व्हेरी नाइस' म्हणत होता. मग जिना उतरल्याचे आवाज आले आणि राजेश म्हणाला, "अँड नाऊ, द बेसमेंट."

मी डबा घेऊन धावले. दोन लाडू जिन्यावरच सांडले.

मंगळवार हा चकलीच्या जेवणाचा दिवस. तिचं जेवण म्हणजे फ्रीजरमधला उंदीर. इला शाळेत जाताना तो फ्रीजरमधून काढून ठेवते आणि आल्यावर कोमट पाण्याच्या वाडग्यात टाकते. पण त्या दिवशी तिने राजेशला मेसेज केला होता, बाबा, पाण्यात टाकून ठेवा. राजेशने ठेवला होता, वॉशिंग मशिनवर. आता डगला नवीन वॉशिंग मशीन नीट दिसावं म्हणून त्याने वाडगं उचललं, बाजूला ठेवलं, आणि ओला हात पँटला पुसला. मग तो टँककडे वळला.

"धिस इज चकली," तो म्हणाला. "वी हॅव अ परमिट." आणि त्याने परवान्याकडे बोट दाखवलं. डग परवाना वाचू लागला. तेवढ्यात राजेशने टँकचं झाकण उघडलं आणि ती किती गरीब आहे हे दाखवायला हात आत घातला.

उंदराच्या वासाचा हात. चकलीचा काय दोष? गेला आठवडाभर ती उपाशी होती.

मी जिन्याच्या खालच्या पायरीवर पोचले तेव्हा राजेशच्या मनगटाला चार फूट अजगर लटकलेला होता आणि डग परवान्याजवळ भिंतीला पाठ टेकून उभा होता. "शी इज व्हेरी फ्रेंडली," राजेश म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण आवाज पाहुणचाराचाच होता.

तेवढ्यात इला शाळेतून आली. तिने दप्तर टाकलं, बापाचा हात धरून सिंकच्या नळाखाली नेला, चकलीच्या तोंडावर थंड पाण्याची धार सोडली आणि तिला अलगद सोडवून टँकमध्ये ठेवलं. "बाबा, डिड यू टच द रॅट?" तिने विचारलं. राजेशने मान खाली घातली.

डगने कपाळाचा घाम पुसला. "मला फक्त छप्पर बघायचं होतं," तो म्हणाला. खरोखर वाईट वाटलं त्याला. पण तो म्हणाला, जे बघितलं ते लिहावंच लागतं, मी तशी सही केलेली आहे. त्याने टँकचा फोटो काढला, परवान्याचा काढला आणि राजेशच्या मनगटाचाही. मी लाडवांचा डबा पुढे केला. तो त्याने घेतला. पोहे चांगले होते म्हणाला, आणि हे अगदी मनापासून म्हणाला, त्यामुळे मला अजूनच संताप आला.

दहा दिवसांनी पत्र आलं. तीस दिवसांत प्राणी घराबाहेर काढा आणि घरात साप, सरडा वगैरे काही नाही असं सही करून द्या. नाहीतर पॉलिसी रद्द. पॉलिसी रद्द झाली की बँक तिच्या मर्जीचा विमा आपल्या बोडक्यावर घालते, तो परवडण्यासारखा नसतो, आणि तो नाही परवडला तर घर जातं. सोळा वर्षांनी मिळालेलं घर. मी पत्र वाचलं आणि राजेशकडे बघितलं. तो पत्राला भोकं पाडून फाइलला लावत होता.

परीक्षितला फोन केला. "वहिनी, टेन्शन नका घेऊ यार," तो म्हणाला. "सही करून टाका आणि सापाला राहू द्या. परत कोण येतंय बघायला? आणि आलंच कोणी, तर दोन दिवस कुठेतरी शिफ्ट करा."

"तुझ्याकडे?"

"माझी बायको मला शिफ्ट करेल."

मला सही करायला काही वाटलं नसतं, खरं सांगते. मी सासूबाईंना सोळा वर्षं सांगत आलेय की मी रोज देवाजवळ दिवा लावते. पण राजेश म्हणाला, उद्या आग लागली, पाइप फुटला, आणि त्यांना बेसमेंटमध्ये साप सापडला तर ते एक पैसा देणार नाहीत. घर असं जाईल नाहीतर तसं जाईल. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याच्या कागदीपणाला मान डोलावली.

मग इलाला सांगायची वेळ आली. मी तयारी करून बसले होते. ती रडेल, ओरडेल, यू प्रॉमिस्ड म्हणेल, आणि मग मी काय बोलायचं ते मी भांडी घासताना मोठ्याने बोलून बघितलं होतं. तिने पत्र वाचलं. घडी घालून परत दिलं.

"इट्स फाइन, आई," ती म्हणाली. "इट्स द हाउस. आय गेट इट."

त्याच दिवशी तिने त्या संस्थेला स्वतः ईमेल लिहिला. ते तीन आठवड्यांनी, शनिवारी, चकलीला परत घ्यायला येणार होते. तिने यादी केली: चकलीला कोणतं तापमान लागतं, कधी खाते, कुठे हात लावलेला आवडत नाही. मी तिच्या खोलीत कपडे ठेवायला गेले तेव्हा ती ती यादी सुवाच्य अक्षरात उतरवून काढत होती. मी पलंगावर टेकले आणि भिंतींकडे माझं लक्ष गेलं. तीन महिने झाले होते घर घेऊन. तिच्या भिंतीवर काही नव्हतं. ना पोस्टर, ना फोटो, ना एक खिळा. तिची सगळी चित्रं पलंगाखाली एका खोक्यात होती, अपार्टमेंटमध्ये असायची तशीच.

"हे लावलं का नाहीस गं?"

"आय डोन्ट नो," ती म्हणाली. "इन केस."

इन केस. पंधरा वर्षांच्या मुलीने म्हणायचा शब्द आहे का हा? मी इतकी वर्षं तिला घराच्या नावाने नाही म्हणत आले. घर आलं आणि 'नाही' तसंच राहिलं. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी खाली जाऊन फ्रीज उगाच दोनदा पुसला. मग फोन हातात घेतला.

दोन आठवड्यांत मी अकरा विमा कंपन्यांना फोन केले. लंच ब्रेकमध्ये, पार्किंग लॉटमध्ये, दातांच्या डॉक्टरच्या वेटिंग रूममध्ये. सगळीकडे सुरुवात गोड व्हायची. स्विमिंग पूल? नाही. ट्रॅम्पोलिन? नाही. कुत्रा? नाही. वा, छान! इतर प्राणी? मग मी सांगायचे. पलीकडे टायपिंग थांबायचं.

एका मुलाने विचारलं, "तो घरात मोकळा फिरतो का?" मी म्हटलं, माझा नवरा फिरतो, ती टँकमध्ये असते. एकाच्या कॉम्प्युटरवर घोडा होता, डुक्कर होतं, लामा होता, अजगर नव्हता. त्याने विचारलं, लामा लिहू का? मला दोन मिनिटं मोह झाला. एक बाई म्हणाली, "मॅम, तुम्ही मुलीला मासे का नाही घेऊन देत?" मी तिला विचारलं की तुम्हाला मुलं आहेत का. ती नाही म्हणाली. मी म्हटलं, वाटलंच.

अकराव्या नकारानंतर मी परीक्षितला फोन करून असं काही बोलले की ते इथे लिहीत नाही. त्याने संस्कार म्हणून ऐकून घेतलं. दोन दिवसांनी त्याचाच फोन आला. पेनसिल्व्हेनियात एक छोटी कंपनी आहे, म्हणाला, जिथे कोणी घेत नाही तिथे ती घेते. लाकडी छपरांची घरं, घरात चूल पेटवणारे लोक, मागच्या अंगणात मधमाश्या पाळणारे. थोडं महाग पडेल. त्यांची अधिकारी तुमची फोनवर मुलाखत घेईल. "आणि वहिनी, प्लीज," तो म्हणाला, "चावली होती हे सांगू नका. तो प्रश्न ते विचारतातच. चावलेला प्राणी कोणी घेत नाही."

मुलाखत शुक्रवारी दुपारी चारला ठरली. संस्थेची माणसं शनिवारी सकाळी येणार होती. टँक धुऊन ठेवलेला होता. चकलीला इलाने प्लास्टिकच्या खोक्यात, टॉवेलवर ठेवलं होतं. नेण्याआधी खायला घालायचं नसतं म्हणून त्या मंगळवारी तिला जेवणही दिलं नव्हतं.

मी डायनिंग टेबलावर फोन स्पीकरवर ठेवला. शेजारी राजेश, फाइल घेऊन. इला दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. त्या अधिकारी बाईचं नाव ग्लोरिया, आवाज खरखरीत, घाई अजिबात नव्हती. तिने छपराचं विचारलं, वायरिंगचं विचारलं. राजेश उत्तरं देत होता, पानांचे नंबर सांगत होता. मग तिने विचारलं, "हॅज द अॅनिमल एव्हर बिटन एनीवन?"

राजेशने माझ्याकडे बघितलं. त्याच्या मनगटावर दातांच्या बारीक खुणा अजून दिसत होत्या. मी तोंड उघडलं. 'नो' अगदी जिभेवर होतं. एका शब्दात घरही राहिलं असतं आणि चकलीही. पण इला माझ्याकडे बघत होती, आणि त्या पोरीच्या चेहऱ्यावर काही अपेक्षाच नव्हती. मी खोटं बोलले असते तर ती त्यालाही फाइन म्हणाली असती. तेच मला सहन होईना. पॉलिसी अशी खोट्यावर उभी केली तर ही मुलगी पुढेही 'इन केस'मध्येच जगत राहील, खोकं पलंगाखाली ठेवून.

"येस," मी म्हणाले. "माय हजबंड."

राजेशने डोळे मिटले. पण आता सुरुवात झालीच होती, तर मी सगळंच सांगितलं. पोहे सांगितले. ड्राइव्हवे सांगितला. घर दाखवायची फेरी, वॉशिंग मशीन, उंदराचं वाडगं, लॅमिनेट केलेला परवाना, शी इज व्हेरी फ्रेंडली, सगळं. पलीकडून ग्लोरियाला खोकल्याची उबळ आल्यासारखा आवाज आला. ती हसत होती. बराच वेळ हसत होती.

"मॅम," ती शेवटी म्हणाली, "पस्तीस वर्षं मी हे काम करतेय. लोक मला सांगतात, आमचा कुत्रा पोस्टमनला चावला, पण तसा तो चावत नाही. उंदीर कोणी हातात घेतला होता हे पहिल्यांदा कोणीतरी सांगितलं."

मग तिने अटी सांगितल्या. साप कोणाला चावला तर कंपनी त्याचे पैसे देणार नाही, ते आमचं आम्ही बघायचं. टँकला कुलूप. आणि कागदावर प्राण्याचा एक जबाबदार मालक, अठरा वर्षांवरचा. त्याने प्राण्याला स्वतः हाताळायचं, स्वतः खायला घालायचं, आणि तो जिवंत असेपर्यंत मालक बदलायचा नाही.

"राजेश," मी म्हटलं. "पेन घे."

"ते नाही चालणार," ग्लोरिया म्हणाली. "ज्याला चावला त्याला मी सुरक्षित हाताळणारा म्हणून लिहू शकत नाही."

राजेशच्या चेहऱ्यावर जी सुटका झाली ती मी त्याला मरेपर्यंत विसरू देणार नाही. इला पंधरा वर्षांची. राहिलं कोण? घरात सापाला सगळ्यात जास्त घाबरणारी बाई. दीड महिना मी बेसमेंटमध्ये कपडे धुवायला जाताना टँककडे पाठ करून चालत होते.

इला चौकटीपासून थोडी पुढे आली.

फोनवर लिंक आली. मी बोटाने सही केली. जबाबदार मालक, नीलांबरी. ग्लोरियाने अभिनंदन केलं आणि सोमवारपासून पॉलिसी लागू होईल म्हणाली. राजेश कागद प्रिंट करायला धावला. इलाने संस्थेला ईमेल लिहिला, चार ओळींचा. मग माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसली आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. असं तिने पाचवीनंतर केलं नव्हतं.

"आई," ती म्हणाली, "यू नो दे लिव्ह लाइक थर्टी इयर्स, राइट?"

"कोण?"

"बॉल पायथन्स. चकली इज ओन्ली थ्री."

मी एकोणपन्नासची. म्हणजे अजून सत्तावीस वर्षं. म्हणजे मी शहात्तर. पलीकडच्या खोलीतून राजेश इतका हसला की प्रिंटरचा कागद अडकला.

मला संतापायला हवं होतं. तीन वर्षांनी इला कॉलेजला जाईल. डॉर्ममध्ये साप चालत नाही, हे तिने आधीच बघून ठेवलं होतं. नंतर नोकरी, कुठेतरी अपार्टमेंट, तिथलं लीज, तिथेही चालणार नाही. पोरगी जाणार आणि हे चार फुटी धूड माझ्यापाशी राहणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. पण मला राग येईना. इथे मुलं अठराव्या वर्षी बॅग भरून जातात आणि मग थँक्सगिव्हिंगला येतात, आली तर. आई आहे म्हणून येतील याची हमी कोणी देत नाही, अशी पॉलिसी ग्लोरियासुद्धा लिहिणार नाही. आईला टाळता येतं, फोनवर भागवता येतं. अजगराला फोन करता येत नाही. त्याला बघायचं तर घरीच यावं लागतं.

हे मी इलाला बोलले नाही. सगळंच बोलायचं नसतं.

संध्याकाळी तिने उंदीर कोमट पाण्यात टाकला, चकलीला टँकमध्ये परत ठेवलं आणि लांब चिमटा माझ्या हातात दिला. "होल्ड इट बाय द टेल," ती म्हणाली, "अँड डोन्ट स्क्रीम." मी मान दुसरीकडे वळवून चिमटा आत धरला. झटका बसला तेव्हा मी किंचाळले, पण चिमटा सोडला नाही. हळूच बघितलं तर चकलीने उंदराला विळखा घातला होता आणि ती सावकाश गिळायला लागली होती.

मी काचेजवळ वाकले. इतक्या जवळून मी तिला कधी बघितलं नव्हतं.

"सावकाश खा गं बाई," मी तिला म्हटलं, "आणि तब्येतीला जप. तुला पुष्कळ जगायचंय."